लांब बटण

सिंदी गावात आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो कापसाचे भाव बघायला. सकाळी तासभर सासरे आणि नवरा त्याच्यासमोर बसत, मग दिवसभर त्यावर भरतकामाचा रुमाल पडलेला असे. तो रुमाल काढून मी अकाउंट्सचा ऑनलाइन कोर्स सुरू केला. सेलूच्या एका शाळेत कारकुनाची जागा निघणार होती आणि तिथले हेडमास्तर म्हणाले होते, परीक्षा पास झालात की या. रोज सकाळी डबा घेऊन गाडीत बसायचं आणि संध्याकाळपर्यंत या घराचं तोंड बघायचं नाही, एवढंच मला आयुष्यात हवं होतं.

कोर्सचे सर पुण्यात कधीतरी बोलून गेलेले असत आणि मी त्यांना माझ्या सवडीनं ऐकत असे. हे मला फार आवडलं. कॉलेजात एकदा कळलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायची माझी छाती नव्हती. इथे घसाऱ्याचा धडा मी किती वेळा मागे नेला असेल, सरांच्या कपाळाला आठी पडली नाही. शंका लिहून पाठवली की उत्तर दोन-तीन दिवसांनी यायचं, तोवर मी शंकाच विसरलेली असायची, पण तेही चालायचं.

न चालणारी गोष्ट एकच होती. धडा कधीही ऐकता येतो, हे घरात सगळ्यांना कळलं. कधीही म्हणजे आत्ता नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. सासूबाईंना त्या अख्ख्या यंत्रातलं एकच कळत होतं, की खालचं लांब बटण दाबलं की मास्तर गप्प होतो. त्या यायच्या, कणकेच्या बोटानं बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "त्याले काय घाई हाय? तो कुठं पळून राह्यला?" सर तोंड उघडं टाकून पडद्यावर अडकायचे आणि मी डाळ निवडायला जायची. नवरा मध्ये पडत नसे. पाहुण्यांना मात्र तो कौतुकानं सांगायचा, आमची घरबसल्या शिकून राह्यली. असून अडचण, नसून खोळंबा.

परीक्षा मात्र ‘कधीही’ देता येणारी नव्हती. रविवारी दुपारी पेपर उघडणार आणि तासाभरानं आपोआप बंद होणार, असं मी आठवडाभर सगळ्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. निम्मा पेपर झाला आणि नणंदेला बघायला कारंज्याहून संध्याकाळी येणारी मंडळी दुपारीच उगवली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी लांब बटण दाबलं. "थांबवलं म्या. चाल, पोह्याचं पाहा."

कोपऱ्यातलं घड्याळ उलटं मोजतच राहिलं. मी म्हटलं, आई, हा पेपर आहे, हा थांबत नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलंही नाही. समदं थांबते, म्हणाल्या, आणि मनगट धरून मला उठवलं. बाहेर पाहुणे बसलेले. आवाज चढवला असता तर नणंदेचं लग्न मोडल्याचं खापर जन्मभर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. मी पोहे केले, त्यावर ओतायला झणझणीत तर्री केली, पदर घेऊन वाढलं. परत आले तेव्हा पेपर बंद झाला होता. पुन्हा बसायचं तर पुढल्या वर्षी, आणि शाळेची जागा तोवर भरली गेली. पाहुण्यांनी मुलगी नाकारली. नणंदेनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, तरी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पुढे सासूबाईंना कुणीतरी कीर्तनाची सीडी आणून दिली. दुपारी कॉम्प्युटरवर ती लावून दिली की त्या खुर्चीत मांडी घालून ऐकायच्या, त्यांचे डोळे भरून यायचे. बुवा ऐन रंगात आले की मी जाऊन लांब बटण दाबायची. बुवांचा हात वर, तोंड उघडं. दूध उतू जातंय, दारात कुणी आलंय, असं काहीतरी सांगायची. त्या उठून जायच्या, परत यायच्या आणि त्या उघड्या तोंडासमोर बसून राहायच्या.

"सुरू करून दे न वं," त्या म्हणायच्या.

"त्याले काय घाई हाय, आई? तो कुठं पळून राह्यला?"

तेच बटण पुन्हा दाबलं की बुवा बोलू लागतात, हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.