हद्दीपलीकडचं पत्र

सुक्या बोंबलांचा वास आला की दांडी या मच्छीमार गावातली ती सकाळ आठवते. सागरी हद्द ओलांडल्यामुळे शेजारी देशात कैद झालेल्या खलाशाचं पत्र एका आंतरराष्ट्रीय संस्थेने घरी पोचवलं होतं. तो जिवंत आहे की नाही, हे आठ महिने कोणालाच ठाऊक नव्हतं. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका धावत आल्या. बातमीसाठी गेलेला मीच मोठ्याने वाचू लागलो. “अक्षर त्याचा नाय,” त्याची आई म्हणाली. “त्याला लिवता कुठं येतं?” मी पुढची ओळ वाचली: ‘आये, बोंबील उंच टांग, नायतर मागल्या वेळेसारखे कुत्रे खातील.’ “मेला, तिथून पण मलाच बोलतो! जिता हाय गो!” ती ओरडली आणि सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. दोन्ही सरकारांची बोलणी तेव्हा बंद होती. आजही दोन देशांची बोलणी थांबल्याची बातमी लिहिताना मी ‘सर्व संपर्क तुटला’ असं लिहीत नाही.