काळीत बांधलेली खोली

वेणा नदीच्या पुरात आमचं गाव दुसऱ्यांदा कमरेपर्यंत बुडालं, तेव्हा ते वर हलवायचं ठरलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. भूगोल घेऊन बी.ए. झालेला गावात मी एकटाच, म्हणून जागा शोधायचं काम मीच स्वतःला दिलं. सडकेला लागून, काकांच्या वावरापासून पुढे, सपाट काळी जमीन होती. मी तिचा रंगीत नकाशा काढला, ग्रामसभेत फडकवला आणि अर्जासोबत तालुक्याला धाडला.

काका म्हणाले, "अबे, काळीत कापसाची पऱ्हाटी लावते माणूस, घर नाई. रिठावर चाल ना, थे पांढरी आहे."

रीठ म्हणजे टेकाडावरचं ओस गाव. पटकीच्या साथीत आमचे पूर्वज तिथून उठले आणि पाण्याच्या सोयीनं नदीकाठी येऊन बसले. मागे राहिला एक मारुती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या घरांनी पांढुरकी आणि घट्ट झालेली जमीन.

"सडकेपासून लांब पडते, काका. नकाशात बरं नाही दिसत."

"नकाशात राह्याचं हाय का तुले?"

त्यांचं तोंड बंद करायला मी उन्हाळ्यात त्यांच्याच काळ्या वावरात विटांची खोली बांधली. पावसाळ्यात काळी फुगली, दिवाळीनंतर आकसली, आणि माझ्या भिंती फाटल्या. एका भेगेत शेजारणीची कोंबडी अंड्यावर बसली. भेग झाकायला मी कॅलेंडर लावलं, तर कोंबडी कॅलेंडरामागून ओरडायची.

तशात तालुक्याचे साहेब जागा पक्की करायला आले. त्यांची एक सही, की चाळीस घरं काळीत जाणार होती. माझा नकाशा पाहून ते खूश झाले.

"सुंदर! कोणी काढला?"

काका माझ्याकडे पाहत होते. मी साहेबांना खोलीत नेलं, कॅलेंडर काढलं आणि भेगेतून कोपरापर्यंत हात बाहेर घातला. बाहेरून काकूंनी तो हलवून पाहिला.

"मी काढला, साहेब. चुकला. जागा वर आहे."

साहेब टेकाड चढले. मारुतीपाशी थांबले, टाचेनं माती उकरली, आणि तिथं सही केली.

पहिला पाया खणायचा मान काकांनी मला दिला. हातभर खाली पूर्वजांच्या जात्याची अर्धी तळी निघाली. काकूंनी ती पुसून आमच्या उंबऱ्यात बसवली.

खोलीच्या विटा वर नेल्या आणि खालच्या रिकाम्या जागी पऱ्हाटी लावली. पुढल्या हंगामात ती माझ्या खांद्याला लागली.

"पाह्य," काका म्हणाले, "तुह्या खोलीची जागा काई वाईट नोती बरं!"