घरी गेल्यावर दाखवू

"पॅपिलरी कार्सिनोमा," सर्जन बाई म्हणाल्या. मग आम्हा तिघांचे चेहरे बघून त्यांनी सोपं करून सांगितलं, "थायरॉइड का कॅन्सर है. इसका अच्छा इलाज है, पर ऑपरेशन जल्दी करना होगा."

"जल्दी मतलब?" बाबांनी विचारलं. केंद्र सरकारच्या नोकरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला 'जल्दी'ची व्याख्या लागते.

"इसी हफ्ते."

मी फक्त एवढंच विचारलं, "और मेरी आवाज?"

हा प्रश्न वेड्यासारखा वाटेल, पण मी जर्मनीत दुभाष्याचं शिक्षण घेते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तेव्हा माझी इंटर्नशिप चालू होती. तिथले इंजिनिअर आणि कंपनीच्या दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यातले सुपरवायझर व्हिडिओ कॉलवर बोलायचे, मध्ये मी. दोन्हीकडचा संताप जरा गोड करून पलीकडे पोचवणं हे माझं मुख्य काम. आवाज गेला की मी गेले.

पहिलं लक्षण कळलं तेही मानेसरवाल्यांनाच. "मॅडम, गला बैठा हुआ है आपका. अदरक लिया करो," एक सुपरवायझर भर मीटिंगमध्ये म्हणाले. तेवढ्या वाक्याचं भाषांतर मी केलं नाही.

पुढे एकदा मफलर गुंडाळताना बोटाला गळ्यावरची गाठ लागली. जर्मनीतल्या डॉक्टरकडे फोन केला तर काही आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. मी ती घेतलीच नाही. परदेशात शिकणारी आपली मुलं जे करतात तेच केलं. दुखणारी दाढ, वाढलेला नंबर, गळणारे केस असं सगळं साठवायचं आणि सुट्टीत घरी नेऊन एका दमात उरकायचं. आमच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कोणीही कसलीही तक्रार केली की बाकीचे म्हणणार, घरी गेल्यावर दाखव. दिल्लीत लॅबवाला ओळखीचा, रिपोर्ट संध्याकाळी हातात. जर्मन विम्याचं कार्ड पाकिटात असूनही मी ती गाठ गळ्यात घेऊन महिनोन्महिने हिंडले आणि शेवटी बॅगेतल्या चॉकलेटांबरोबर दिल्लीत, मयूर विहारच्या घरी आणली.

मग तपासण्या. एफएनएसी म्हणजे गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात. दुखतं, पण सोसवतं. बाहेरच्या खुर्च्यांवर बसणं सोसवत नाही. बाबा नंबरांच्या फलकाकडे टक लावून बसत आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्याकडे बघत बसे. लॅरिंगोस्कोपीत नाकातून कॅमेरा घालून स्वरतंतू बघतात. माझा डावा स्वरतंतू आळशी झाला होता.

"गाँठ नर्व से चिपकी लग रही है," सर्जन बाई म्हणाल्या. रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह म्हणजे स्वरतंतू हलवणारी नस. ती थायरॉइडच्या मागूनच जाते. "बचेगी या नहीं, अंदर जाकर ही पता चलेगा."

"थोडे महीने पहले आते तो?" बाबांनी विचारलं.

"तो शायद इतनी पास न होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मला स्वतःचा इतका राग आला होता की कोणीतरी रागवावं असंच वाटत होतं. तुमच्यापैकी कोणी आत्ता परक्या गावात एखादी गाठ चाचपत सुट्टीचं तिकीट बघत असेल, तर मिळेल ती वेळ घ्या आणि तिथेच दाखवा.

आईने नातेवाइकांत एकच बातमी पसरवली होती, टॉन्सिल्स. पुण्याहून मावशीचा मिठाच्या गुळण्या करण्याचा सल्ला आला. आईने "हो हो, बिल्कुल" म्हणून फोन ठेवला आणि मग रडली.

भूल उतरली तेव्हा कोणीतरी वाकून म्हणालं, "नाम बताओ बेटा." मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"नर्व बच गई है, पर खिंच गई है," सर्जन बाई म्हणाल्या. "आवाज पूरी लौटेगी या थोडी, अभी कोई नहीं बता सकता."

घरी आल्यावर मी फोनवर टाइप करून बोलू लागले. हाक मारायची तर टाळी वाजवायची. स्पीच थेरपीत रोज 'आ' आणि 'ई' लांबवायचे, आणि निघायची ती कुजबुज. कंपनीने जागा धरून ठेवली होती, पण कुजबुजणारा दुभाषी कोणाच्या उपयोगाचा? घरात आई दोघींचं एकटीच बोलायची. प्रश्न तिचा आणि माझ्या वतीने उत्तरही तिचंच. रात्री ती बाबांशी हळू आवाजात बोलायची तेव्हा मला ऐकू येत नाही असं धरून चालायची. माझा गळा गेला होता, कान नाही.

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी मी बाहेरच्या खोलीत 'ई' ओढत बसले होते. स्वयंपाकघराच्या बाल्कनीत आई पाठमोरी कपडे वाळत घालत होती, आणि मला दारातून दिसलं, गॅसवर दूध वर चढत होतं. टाळी वाजवायचं सुचलंच नाही.

"आई, दूध!"

"अगं, ओरडतेस काय? बहिरी नाहीये मी!" तिने धावत येऊन गॅस बंद केला.

मग आई हातात ओला टॉवेल घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. टॉवेलचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"परत ओरड," ती म्हणाली.