धुकेवाल्या मॅडम

एप्रिलमध्ये ओठ फुटले की आम्ही कुरकुरायचो. धुकेवाल्या मॅडम मात्र खूष व्हायच्या. "सिस्टर, अशी कोरडी हवा मला शहरात कुठे मिळणार?"

खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर, उपकेंद्रात मी नर्स आहे. वीज गेली की दिवसदिवस येत नाही. मॅडम एका कंपनीतर्फे फ्युएल सेल घेऊन आल्या. हायड्रोजन आणि हवा यांच्यापासून वीज करणारी ती कपाटाएवढी पेटी. आतला पातळ पडदा ओला राहिला तरच वीज होते, म्हणून दोन्ही वायू आधी धुक्यातून न्यायचे. भांड्याच्या तळाशी रुपयाएवढी चकती होती. ती इतकी भराभर थरथरायची की आवाज कानाला कळायचा नाही, आणि गार पाण्यातून धुकं उठायचं. "उकळायला वीज कशाला जाळायची? पाण्याला नुसतं हलवायचं," त्या म्हणायच्या. बायका पोरं कडेवर घेऊन ते धुकं बघायला यायच्या. नाव तिथूनच पडलं.

त्या माझ्याच क्वार्टरमध्ये राहिल्या. नागलीची भाकरी स्वतः थापायला बसायच्या आणि मोडली की खळखळून हसायच्या. मला धाकटी बहीण नाही. त्या दिवसांत होती असं वाटायचं.

पेटीसाठी गावाने कारवीच्या कुडाची खोली उभी केली. पाड्यावरची सोनीबाई जमीन सारवत होती. तिने विचारलं, "ही मशीन आता आपलीच ना, बाय?"

"तुमचीच," मॅडम म्हणाल्या.

मी तेच घरोघर सांगितलं. त्याच उन्हाळ्यात सोनीबाईचा नातू आमच्याकडे जन्मला, अगदी हलका. वीज नव्हती, तरी त्याला ऊब देणारं यंत्र बंद पडलं नाही.

मे संपताना कंपनीची जीप आली. मॅडम स्वतःच स्क्रू काढायला बसल्या.

"मॅडम, तुम्ही 'तुमचीच' म्हणाला होतात."

"कोरड्या हवेतली चाचणी होती, सिस्टर. पेटी परत न्यायची हे पहिल्यापासून ठरलेलं." मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं, तर खोली बांधून दिली असती का लोकांनी?"

"दिली असती," मी म्हणाले.

त्यांनी उरलेले स्क्रू काढले. जाताना त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

त्यांचे फोन अजून येतात. मी उचलत नाही. पेटी नेली याचा राग कधीच ओसरला. पण परवा लस टोचायला गेले, सोनीबाईला म्हटलं, "एक दिवस ताप येईल, मग उतरेल." तिने नातवाला छातीशी धरलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"खरं सांगताव ना, सिस्टर?"

इतक्या वर्षांत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं.