राखेने घासलेली कँडल

चौक गावाला जुन्या हायवेच्या कडेला झाकीरचं दुकान आहे. स्टोव्ह, पंप, कंदील, लोक फेकायला निघालेलं काहीही तो दुरुस्त करतो. त्याच्या हातून कधी काही पडून फुटलं, असं चौकात कुणी ऐकलं नव्हतं.

कळंबच्या विमलबाई आल्या त्या दुपारी आभाळ मळकं होतं. त्यांनी पिशवीतून हाताने दाबायचा पाण्याचा फिल्टर काढला, तंबूत राहायला येणाऱ्यांकडे असतो तसला. कुणा पाहुण्याने मागे टाकलेला तो फिल्टर त्यांच्या थोरल्याने, अक्षयने, जपून ठेवला होता. अक्षय पाहुण्यांना डोंगरात न्यायचा आणि ओढ्याचं पाणी यातूनच गाळून प्यायचा. गेल्या दिवाळीआधी तो टायफॉईडने गेला. आता धाकटा मुलगा, नवीन, त्याच कामाला लागणार होता.

"दांडा हलत नाय बघ," विमलबाई म्हणाल्या. "नीट करून दे रं. आता ह्या पोराला तरी चांगलं पाणी मिळू दे."

झाकीरने फिल्टर उघडला. वाळलेलं रबर बदललं, झडपेतला गाळ काढला. दांडा सरसर चालू लागला. मग त्याने आतली कँडल, पाणी गाळणारी चिनीमातीची नळी, बाहेर काढली. इतकी पांढरी जुनी कँडल त्याने पाहिली नव्हती.

"मीच घासायची," विमलबाईंचा चेहरा क्षणभर उजळला. "रोज, राख नि काथ्या घेऊन. तो म्हनायचा, आये, घरातली भांडी काळी नि माझा फिल्टर चांदीवानी!"

फिल्टरला सुतळीने प्लास्टिकची एक कडी बांधलेली होती.

"ही बांगडी कशाची, कुनालाच ठावं नाय," त्या म्हणाल्या आणि पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेल्या.

झाकीरला ठाऊक होतं. घासली की कँडल झिजते. ही कडी म्हणजे त्या झिजेचं माप; ती कँडलवरून सरकली, की कँडल संपली. मग ती पाण्यातलं काही अडवेल याचा भरवसा नाही. त्याने कडी लावून पाहिली. सुकलेल्या मनगटावरच्या बांगडीसारखी ती सरळ खाली घसरली.

ताप याच पाण्याचा होता की दुसऱ्या कुठल्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण विमलबाईंनी कुणाला विचारलंच नसतं; दोष आपल्याच हातांना दिला असता.

"नवी कँडल टाकतो, मावशी," त्या परतल्यावर तो म्हणाला. "ही म्हातारी झाली."

"मग ती मला दे. त्याच्या फोटोपाशी ठेवीन."

झाकीरने फडकं ओढलं. नव्या कँडललाही राख लागली तर ते नवीनच्या जिवावर बेतणार. कडीचं सांगणं भाग होतं. आणि सांगितलं, की घरी जाऊन ही बाई पहिल्यांदा जुन्या कँडललाच कडी लावून बघणार.

कँडल फडक्यात गुंडाळता गुंडाळता त्याने ती ऐरणीवर सोडली. तिचे तुकडे झाले.

"मेल्या! हात झडले का तुझे? माझ्या पोराची वस्तू ती!"

"चुकलं, मावशी."

खाली मान घालून त्याने नवी कँडल बसवली, कडीचं समजावून सांगितलं. "हिला राख नाय लावायची. धार मंदावली तरच मऊ कापडानं पुसायची."

"आन् जुनीला चालायची ती?"

"ती जात वेगळी होती."

विमलबाईंनी तुकडे वेचून पदरात बांधले आणि वळूनही न बघता निघून गेल्या. झाकीरच्या हातांचं आता काही खरं नाही, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. नाजूक वस्तू घेऊन त्याच्याकडे आता कुणी येत नाही. कुणी विचारलंच, तर तो हात पुढे करून म्हणतो, "हां, थरथरतात."