एक्केचाळिसाव्या मिनिटातला आरसा

एखाद्याच्या तोंडात कायम एकच शब्द असला की लोक त्याला त्याच शब्दाने ओळखू लागतात. मामांचा शब्द होता "होईल". कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं नटबोल्ट, पट्टे आणि बेअरिंग सांभाळली. मशीन बंद पडून घामाघूम झालेला फोरमन खिडकीशी आला की मामा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "होईल." आणि व्हायचंही. जुन्या मालातून काहीतरी हुडकून, घासूनपुसून, ठोकून ते बसवून द्यायचे. निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांचं खरं नाव वाचलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी "हे कोण?" म्हणून एकमेकांना विचारलं. हा किस्सा मामीच रंगवून सांगायच्या. मामी म्हणजे त्यांची बायको. त्यांना या शब्दाचा मनस्वी राग होता, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातला गळका नळ सात वर्षं "होईल"वरच चालला होता.

निवृत्तीनंतर वर्षभरातच मामांच्या धाकट्या बहिणीची मुलगी सिनेमा काढायला निघाली. दहा वर्षं ती दुसऱ्यांच्या सिनेमांत सहायक म्हणून राबली होती. आता तिच्याकडे स्वतःची गोष्ट होती, पैसे नव्हते. गोष्ट तरी केवढी? एकटा राहणारा म्हातारा बाप घर विकायला काढतो आणि मुलगी त्याला समजावायला येते. पैसेवाल्यांना ती दोन मिनिटांत सांगून व्हायची आणि तिसऱ्या मिनिटाला ते घड्याळ बघायचे. शेवटी एका वाहिनीने हात पुढे केला. जेमतेम निम्मा खर्च निघेल एवढे पैसे, तेही तीन हप्त्यांत. पहिला करारावर सही झाल्यावर, दुसरा शूटिंग संपल्यावर, आणि तिसरा, सगळ्यात मोठा, सिनेमा वाहिनीच्या तांत्रिक तपासणीत पास झाल्यावर.

"मामा, निम्म्या पैशात सिनेमा होतो का रे?" भाचीने विचारलं.

मामा काय म्हणाले ते वेगळं सांगायला नको.

त्यांची रीत स्टोअरमधलीच होती. पैसे मागितले की माणूस खिशावर हात ठेवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते पैसे मागतच नसत. कुणाकडे दोन दिवस व्हॅन मागायचे, कुणाकडे जनरेटर, कुणाकडे जुनं फर्निचर. माणसांना मात्र पैसे द्यावेच लागणार होते. तेव्हा प्रकाशयोजना करणारा लाइटवाला, व्हॅनवाला, मेकअपवाली, जेवण पुरवणारी बाई, अशा सतरा जणांच्या घरी मामा स्वतः जाऊन बसले. निम्मे आता, निम्मे तिसरा हप्ता आला की. "ज्या दिवशी पैसे येतील त्या दिवशी तुमच्या हातात. माझा शब्द." करारबिरार काही नाही. सतरा माणसं एका निवृत्त स्टोअरकीपरच्या शब्दावर कामाला उभी राहिली, आणि त्या स्टोअरकीपरला सिनेमातलं ओ की ठो कळत नव्हतं.

राहता राहिलं सिनेमातलं घर. भाड्याने घ्यायचं तर निम्मे पैसे तिथेच संपले असते.

"अठरा दिवस," मामा मामींना म्हणाले. "जरा माणसं येतील घरात."

"किती?"

"असतील चारपाच."

सव्वीस आली.

मामींचं घर मग मामींचं राहिलं नाही. अशा उसन्या घरात पहिल्या दिवशी चकाकणाऱ्या सगळ्या गोष्टी झाकून टाकतात, नाहीतर त्यात कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं. फोटोंच्या काचा, टीव्ही, बेसिनवरचा आरसा, सगळ्यांवर काळी कापडं पडली. घड्याळं टिकटिक करतात म्हणून उतरवली. फ्रिजची घरघर होते म्हणून शॉटच्या आधी फ्रिज बंद. नंतर तो चालू करायचं विसरायला नको म्हणून आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायचा. किल्लीशिवाय घरी जाणार कसा? ती घ्यायला दार उघडलं की आत अंधार दिसायचा आणि बटण आठवायचं. मामींना याची फार गंमत वाटली. "अहो, त्या किल्लीला सर्दी होईल," त्या म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

तो खोकला शूटिंगच्या आधीपासूनचा होता. मामी दिवसभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसून असायच्या. शॉट चालू झाला की टॉवेल तोंडावर दाबून धरायच्या आणि "कट" ऐकू आलं की मनसोक्त खोकून घ्यायच्या. मुद्रक एकदा त्यांना म्हणाला, "मामी, इतकं शांत घर मला आजवर मिळालं नाही." मामींना त्याचा केवढा अभिमान वाटला. मेकअपवालीने त्यांचे पाय पाहून विचारलं, "सूज आहे का हो पायांवर?" मामी म्हणाल्या, दिवसभर बसून आहे ना. मामांनीही पाहिलं होतं. रात्री उशा रचून त्या बसल्याबसल्याच झोपतात हेही पाहिलं होतं. "शूटिंग संपलं की पहिलं काम डॉक्टरचं," ते म्हणाले. "होईल बरं." फ्रिजची आठवण राहावी म्हणून त्या घरात किल्ली ठेवली जात होती. मामींची आठवण राहावी म्हणून कुणी काही ठेवलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी सिनेमातला मुख्य प्रसंग होता. बाप कपाटाच्या आरशासमोर उभा राहून केस विंचरतो आणि मागे उभ्या असलेल्या मुलीला, तिच्याकडे न बघताच सांगतो की घराच्या कागदांवर मी कालच सही केली. बापाचं काम करणारा नट नाटकातला मुरलेला माणूस होता, मामांच्याच शब्दाखातर तीन दिवस फुकट आला होता, आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. घरातला हा एकच आरसा झाकता येणार नव्हता. उजेड उतरायला लागला होता. जनरेटर सहा वाजता परत करायचा होता. मामा कॅमेऱ्याच्या बाजूला काळा पुठ्ठा धरून उभे होते, खिडकीतली तिरीप भिंगावर येऊ नये म्हणून. त्यांचा एक डोळा मनगटावर होता.

दोन मिनिटांचा तो शॉट एका दमात झाला. म्हाताऱ्याने असं काही काम केलं की भाची "कट" म्हणायचंच विसरली. दुसरा टेक घ्यायला उजेडही नव्हता आणि गरजही नव्हती. लाइटवाला डोळे पुसत होता. मामा जनरेटरच्या मागे धावले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मामी म्हणाल्या, "मघाशी मी आले होते बोलवायला. पण तुमचं चाललं होतं."

"का गं, काय होतं?"

"काही नाही. जरा दम लागला होता. आता बरंय."

"दोनच दिवस राहिले. होईल सगळं."

शूटिंग संपल्यावर तिसऱ्या दिवशी ते त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. "खोकला कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. "आठ-दहा दिवस झाले असतील," मामा म्हणाले. पलंगावरून मामी हळूच म्हणाल्या, "दीड महिना." हृदय थकलं होतं, फुप्फुसांत पाणी भरलं होतं. डॉक्टर भला माणूस होता, आधी का नाही आणलंत असं त्याने विचारलं नाही. त्याने ते विचारायला हवं होतं, असं मामांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पाचव्या आठवड्यात मामी गेल्या.

सव्वीसच्या सव्वीस माणसं आली. मुद्रक दारातच उभा राहिला, त्याला आत येववेना. भाचीने सिनेमा बंद करायची भाषा केली. मामा म्हणाले, "सतरा जणांना शब्द दिलाय." मग ते रोज तिच्या संकलनाच्या खोलीवर जाऊन बसू लागले. घरी बसवत नव्हतं, हे खरं कारण. नळ मात्र त्यांनी बदलून घेतला. वीस मिनिटांचं काम होतं.

आठ महिने गेले. लाइटवाला दर सोमवारी फोन करायचा. व्हॅनवाल्याने फोन करणं सोडून दिलं होतं, आणि मामांना त्याचीच जास्त टोचणी होती. अखेर सिनेमा पुरा झाला, वाहिनीकडे गेला आणि दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. कागदपत्रं बघणं मामांकडेच होतं. चार चुका काढल्या होत्या. एके ठिकाणी आवाज फुटतो, एके ठिकाणी रंग हलतो, शेवटच्या नावांच्या पाट्यांमध्ये एक अक्षर चुकलंय. आणि चौथी: "मिनिट ४१, सेकंद ७ ते १८. आरशात असंबंधित व्यक्ती. काढून टाकावी."

"कोण शिरलं होतं गं मध्ये?" मामांनी विचारलं.

भाचीने तो शॉट लावला. तिने तो दोनशे वेळा तरी पाहिला असेल, पण तिची नजर कायम म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर. आता तिने आरसा मोठा केला. आरशाच्या कडेला स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळाची अंधारी पट्टी होती. त्या पट्टीत मामी आल्या.

भिंत धरत धरत आल्या. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग कॅमेरा चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चटकन हात तोंडावर दाबला. दुसऱ्या हाताने चौकट घट्ट धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. त्या म्हाताऱ्या नटाकडे बघत नव्हत्या, मुलीकडेही नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे मामा पुठ्ठा धरून उभे होते, तिथे बघत होत्या. अकरा सेकंद. मग मागे वळून त्या गेल्या.

भाची रडायला लागली. मामा म्हणाले, "परत लाव." तिने परत लावला. असं चार वेळा झालं. तीन हातांवर उभ्या होत्या मामी. मान जरा वळवली असती तरी दिसल्या असत्या.

"मी नाही काढणार," भाची म्हणाली. "मामा, मी त्यांना सांगते की ही गोष्टीतलीच आई आहे."

"गोष्टीतली आई वारलेली आहे ना?"

"म्हणूनच तर. राहू दे तिला तिथे."

मामांना ते इतकं पटलं की त्यांना एकदम हुंदका आला. पण चाळीस वर्षांचा संसार आणि तेहतीस वर्षांची नोकरी ज्या सवयीवर काढली, ती सवय अशी सुटत नाही. "मग हप्ता कधी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"हरकत घेतली की पुन्हा समितीपुढे जातं. समिती तीन महिन्यांनी बसते. नाही म्हणाले तर..."

तीन महिने म्हणजे लाइटवाल्याचे तेरा सोमवार. त्यात मामांना आणखीही एक गोष्ट कळत होती आणि ती ते कुणाला सांगणार नव्हते. मामी त्या आरशात राहिल्या असत्या, तर जो पाहील त्याला दिसलं असतं की बाई कुणाला तरी बोलवायला आली होती आणि तो माणूस आला नाही. ते लोकांनी बघावं असंही त्यांना वाटत होतं, आणि कुणीच बघू नये असंही.

"काढ," मामा म्हणाले.

दुपारभराचं काम. पुढच्या-मागच्या चित्रांतली भिंत उचलून तेवढ्या जागी भरायची. भाचीने आधी तो मूळ तुकडा एका पेन ड्राइव्हवर घालून मामांच्या खिशात ठेवला. ती काम करत होती तेव्हा मामा बाहेर जिन्यात बसून राहिले. नंतर आत येऊन त्यांनी वाहिनीला मेल लिहिली. चार चुकांसमोर चार वेळा "दुरुस्त केले" असं टाइप केलं. चौथ्यांदा टाइप करताना बोट चुकलं, खोडून पुन्हा केलं.

हप्ता बाविसाव्या दिवशी आला. त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत मामा सतराही जणांकडे जाऊन आले. व्हॅनवाला पाकीट हातात घेऊन म्हणाला, "मामा, मी आशा सोडली होती." मेकअपवालीने त्यांना बळेच बसवून चहा दिला.

वाहिनीवर दाखवण्याआधी भाचीने एक छोटं थिएटर दोन तासांसाठी मिळवलं आणि युनिटला घरच्या माणसांसकट बोलावलं. सगळे नवे कपडे घालून आले होते. आपापलं काम पडद्यावर दिसलं की कोपरखळ्या मारत होते. मामा कडेच्या खुर्चीवर बसले होते, शेजारी लाइटवाला. मामांच्या शर्टाच्या खिशात तो पेन ड्राइव्ह होता. तो त्यांनी अजून एकदाही उघडला नव्हता.

मग कपाटाचा प्रसंग आला. कोपरखळ्या थांबल्या. म्हातारा केस विंचरू लागला. लाइटवाला मामांच्या कानाशी वाकून पुटपुटला, "मामा, काय शॉट आहे हो! जरासुद्धा कुठे डाग नाही."

मामा म्हाताऱ्याकडे बघतच नव्हते. ते आरशाच्या कडेला बघत होते. बोळ होता, चौकट होती, भिंत होती. भिंत अगदी स्वच्छ होती. त्या अंधारात बसलेल्या साठ-सत्तर माणसांत तिथे कुणी कमी आहे हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यांतली एक पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

मामांच्या छातीतून काहीतरी वर आलं. खोकला की हुंदका, त्यांनाही कळलं नाही. पण शॉट चालू होता. त्यांनी चटकन हात तोंडावर दाबला, दुसऱ्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरली, आणि शॉट संपेपर्यंत आवाज होऊ दिला नाही.