सुमनचं माहेर तारनाक्याला आलं

"तुमच्या बायकोला सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया आहे," शहरात कोठी भागातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "बाई, माणसाच्या भाषेत सांगा."

"हृदय मधूनच उगाच पळत सुटतं. धडधड होते, अंधारी येते."

सुमनला कपडे पिळताना हेच व्हायचं. गावाकडं त्याला बाहेरचं म्हणायचे. ईसीजीच्या पट्टीनं खरं सांगितलं.

सुमननं एकच विचारलं, "मला लेकरू होईल का?"

"होईल. पण आधी इको करू, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग गोळी बदलू, मानवते का बघू. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि मला न विचारता गोळी सोडायची नाही."

लग्नाला पाच वर्षं झालेली. माझी बहीण म्हणाली, "लेकरं काय डॉक्टरला विचारून होतात?"

"माझी होतील, वन्सं," सुमन म्हणाली.

आठ महिने थांबलो. तिला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. नर्सकडून नाडी धरायला शिकली, माझं घड्याळ पुढ्यात घेऊन रोज मोजायची. शंभर आले तरी थांबली नाही. म्हणे, "पुढचेपण शिकते. माझं हृदय कुठं शंभरावर थांबतंय?"

दिवस राहिले. सातव्यात सासूबाई नांदेडकडच्या खेड्यातून न्यायला आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मी शहाण्यानं कुणाला न विचारता रेल्वेची तिकिटं काढली. चूक माझीच. तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गावात धडधड थांबली नाही तर कुठं न्याल?" मी तिकिटं रद्द करून आलो.

सासूबाई रुसल्या. "लोक काय म्हणतील मला?"

सुमन म्हणाली, "माय, माहेर म्हणजे तू. तूच राह इथं."

त्यांनी पिशवी तारनाक्याच्या आमच्या खोलीत ठेवली, ती चार महिने उचलली नाही.

कळा चालू असताना धडधड झालीच. नर्सच्या आधी सुमननंच ओळखलं, "चालू झालं, दीडशेच्या वर आहे." लगेच इंजेक्शन दिलं, ठोका जागेवर आला. लेक झाली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अशी पेशंट मी पाहिली नाही." माझी छाती फुगली, अजून उतरली नाही.

ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना सांगतो. आधी विचारा, मग तिकीट काढा.

सुमन गेल्या साली न्यूमोनियानं गेली. धडधडीनं नाही, हे मी सगळ्यांना सांगतो.

आता लेकीला सातवा महिना लागलाय. घरात बाई नाही म्हणून सासरहून फोनवर चाचरत विचारत होती, "बाबा, येऊ का?"

म्हटलं, "ये. माहेर म्हणजे मी."

त्याच घड्याळात नवा सेल टाकलाय.